पत्रकारिता, माध्यम अभ्यास की संस्कृती अभ्यास? प्रवेशअर्ज भरण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षं तुम्ही बातम्यांच्या डेस्कवर उपसंपादक म्हणून काढलीत, आता पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं मनात आहे. विद्यापीठांच्या याद्यांमध्ये एकाच विभागाखाली पत्रकारिता, माध्यम अभ्यास आणि संस्कृती अभ्यास अशी तीन नावं दिसतात आणि त्यांतला फरक उमगत नाही. शिवाय एवढं काम केल्यावर वर्गात बसून नवीन काय हाती लागणार, ही शंका. जाता जाता तुम्ही एक प्रसंगही लिहिलाय. बसचालकांच्या संपाच्या बातमीला तुम्ही ‘वेतनवाढीसाठी बसचालकांचा संप’ असा मथळा दिला होता. रात्री वरिष्ठांनी तो ‘बसचालकांच्या संपामुळे प्रवाशांचे हाल’ असा केला. तुमचं काय चुकलं ते कोणी सांगितलं नाही, आणि ती गोष्ट अजून मनातून जात नाही.

मी नऊ वर्षं डेस्कवर होते आणि त्यानंतर जवळपास वीस वर्षं पदव्युत्तर वर्गांना शिकवतेय. तुमच्या पत्रातला सगळ्यांत मोलाचा भाग मला तो शेवटचा प्रसंगच वाटतो. तुम्ही तो सहज लिहून गेलात, पण कोणता अभ्यासक्रम घ्यायचा याचं उत्तर तिथेच दडलंय. म्हणून तोच मथळा हातात धरून सांगते.

पत्रकारितेचा अभ्यासक्रम त्या मथळ्याला विचारेल: ही बातमी अधिक चांगली कशी करता आली असती? चालकाच्या हातात महिन्याला किती पडतात हे कोणी त्याच्या पगारपत्रकावर पाहिलं का? ‘हजारो प्रवासी अडकले’ मधले हजारो कोणी मोजले? व्यवस्थापनाचं म्हणणं लेखी आलं की फोनवर? बदनामीच्या कायद्यात यातलं कोणतं वाक्य अडकेल? इथे वर्ग म्हणजे बराचसा वृत्तकक्षच असतो. मजकूर लिहायचा, तो फाडला जायचा, परत लिहायचा. कायदा, नीतिमत्ता, आकडेवारी वाचणं, कॅमेरा, ध्वनिसंकलन, माहितीचा अधिकार वापरणं, ऑनलाइन फोटो आणि व्हिडिओंची पडताळणी, हे सगळं हाताने शिकवतात.

माध्यम अभ्यास त्याच मथळ्याकडे दोन पावलं मागे जाऊन पाहतो. छायाचित्रकार डेपोच्या फाटकापाशी न जाता बसथांब्यावर का उभा राहिला? दुसऱ्या दिवशी चार वेगवेगळ्या मालकांच्या चार वृत्तपत्रांत जवळपास सारखाच मथळा कसा आला, जेव्हा कोणी कोणाला फोन केला नव्हता? तुमचे वरिष्ठ दुष्ट होते असं इथे कोणी म्हणणार नाही. काम करण्याची पद्धत, वेळेची मर्यादा, जाहिरातदार, वाचक कोण आहे याबद्दलची डेस्कची कल्पना, यांतून असा मथळा आपोआप कसा घडतो हे इथे तपासतात. ब्रिटनमधल्या ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने १९७०च्या दशकात टीव्हीवरच्या औद्योगिक वादांच्या बातम्या महिनोन्‌महिने रेकॉर्ड करून, शब्द न्‌ शब्द मोजून हेच दाखवलं होतं. संपाच्या बातमीत कामगारांची कृती हे ‘कारण’ ठरतं आणि बाकीची कारणं मागे पडतात. तुमचे दोन मथळे शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात संपाला कारण आहे. दुसऱ्यात संप हेच कारण झालंय.

संस्कृती अभ्यासाचा प्रश्न आणखी वेगळा. ‘हाल’ हा शब्द कोणाच्या वाट्याला येतो? प्रवाशाचा वाया गेलेला तास मोजला जातो, मग चालकाचा सोळावा तास का मोजला जात नाही? आणि मुख्य म्हणजे, तोच मथळा चालकाच्या घरी रात्री जेवताना वाचला गेला तेव्हा तिथे त्याचा अर्थ काय लागला? संस्कृती अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३मध्ये मांडलं की संदेश घडवणारा त्यात जो अर्थ भरतो तोच अर्थ घेणाऱ्याकडे उतरेल याची हमी नसते. कोणी तो जसाच्या तसा स्वीकारतं, कोणी काही मान्य करून काही आपल्या अनुभवाप्रमाणे वळवून घेतं, कोणी पूर्ण विरोधात वाचतं. संशोधक डेव्हिड मॉर्ले यांनी पुढे ब्रिटनमधल्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमाचे भाग २९ गटांना दाखवून त्यांच्याशी चर्चा केल्या. त्यात बँकेतले व्यवस्थापक होते, कामगार संघटनेचे कार्यकर्ते होते, विद्यार्थी होते. एकाच सामाजिक वर्गातले लोकसुद्धा एकसारखं वाचत नाहीत, हे त्यातून दिसलं. सिद्धान्त घेऊन माणसांसमोर बसलं की सिद्धान्ताला अशा सुरकुत्या पडतात आणि मला हा विषय त्यासाठीच प्रिय आहे.

हे तिन्ही एका छताखाली कसे आले, याचा इतिहास लहान आहे पण माहीत असलेला बरा. पत्रकारितेचं शिक्षण विद्यापीठात आलं ते कामगिरी सुधारण्यासाठी. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात १९०८मध्ये, तर कोलंबिया विद्यापीठात वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून १९१२मध्ये ते सुरू झालं. संस्कृती अभ्यासाचा उगम निराळा. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४मध्ये रिचर्ड हॉगार्ट यांनी केंद्र काढलं ते इंग्रजी साहित्याच्या अंगाने. हॉगार्ट आणि या विषयाचे दुसरे प्रवर्तक रेमंड विल्यम्स, दोघांनीही त्याआधी प्रौढ शिक्षणाचे वर्ग घेतले होते. समोर बसलेले लोक नोकरीधंदा करून आलेले, त्यामुळे त्यांचं रोजचं वाचन, पाहणं, ऐकणं हाच अभ्यासाचा विषय होणं ओघाने आलं. ब्रिटनमधल्याच कार्डिफमध्ये टॉम हॉपकिन्सन या मुरलेल्या संपादकाने १९७०मध्ये पदवीनंतरचं पत्रकारितेचं प्रशिक्षण सुरू केलं आणि पुढे तिथल्या विभागाच्या नावात तिन्ही शब्द आले. त्यामुळे अशा विभागांत एका दालनात बातमी घडवणं शिकवतात आणि शेजारच्या दालनात त्या बातमीची चिकित्सा. दोन्ही दालनांत एकमेकांबद्दल अढी असते, हे मी पाहिलंय. बातमी शिकवणाऱ्यांना सिद्धान्त हवेतला वाटतो, सिद्धान्तवाल्यांना बातमीदार भोळा वाटतो. तुम्ही दोन्हीकडे जा. तुमच्यासारखा डेस्कवरून आलेला विद्यार्थीच ही ये-जा करू शकतो.

आता तुमच्या निवडीबद्दल स्पष्ट सांगते. डेस्कवर चार वर्षं काढलेल्याने निव्वळ पत्रकारितेचा प्राथमिक कौशल्यांचा अभ्यासक्रम घेऊ नये. त्यातलं निम्मं तुम्हाला येतं आणि उरलेलं नोकरीत राहूनही शिकता येईल. अपवाद दोनच. माध्यमच बदलायचं असेल, म्हणजे छापील मजकुराकडून माहितीपट किंवा डेटा पत्रकारितेकडे जायचं असेल, तर तो घ्या. किंवा ज्या देशात काम करायचंय तिथल्या वृत्तसंस्था विशिष्ट मान्यताप्राप्त प्रशिक्षण मागत असतील, तर घ्या. तुमचा खरा प्रश्न ‘मथळा का बदलला’ हा आहे आणि तो माध्यम अभ्यासाचा आहे. ‘वाचकाने तो कसा वाचला’ याकडे मन ओढलं गेलं तर संस्कृती अभ्यास.

आणि नोकरी? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो असतोच. माध्यम अभ्यासाची किंवा संस्कृती अभ्यासाची पदवी दाखवली म्हणून वृत्तकक्षात बढती मिळते, असं मी पाहिलेलं नाही. संशोधन, अध्यापन, अभिलेखागारं, संग्रहालयं, स्वयंसेवी संस्थांचं संज्ञापन, धोरणविषयक काम, प्रेक्षक संशोधन या दिशांना माझे विद्यार्थी गेले. काही डेस्कवर परतले आणि वेगळ्या नजरेने काम करू लागले. केवळ पगार वाढेल या भरवशावर मोठं कर्ज काढून येणार असाल तर येऊ नका, हे मी प्रत्येकाला पहिल्या भेटीतच सांगते.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपुस्तिकेतलं पहिलं पान सोडून द्या, थेट विषयांच्या यादीवर जा. सक्तीचे किती, ऐच्छिक किती, आणि ऐच्छिक म्हणून छापलेले खरोखर यंदा शिकवले जाणार का, हे पत्र लिहून विचारा. ज्यांच्या नावाकडे पाहून तुम्ही जाताय ते प्राध्यापक त्या वर्षी अभ्यासरजेवर असू शकतात. जुन्या वृत्तपत्रांचा आणि प्रसारणांचा संग्रह ग्रंथालयातून पाहायला मिळतो का, हे नक्की विचारा. संशोधनाच्या वर्षात तो नसला तर हातच बांधले जातात. काही ठिकाणी लघुप्रबंधाऐवजी माहितीपट किंवा दीर्घ शोधवार्ता आणि तिच्यासोबत चिंतनात्मक टिपण चालतं. ते सोपं समजू नका, त्यात दोन कामं असतात.

कालावधीचा हिशेब मात्र नीट करा. ब्रिटनमधला पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारणपणे एक वर्षाचा आणि १८० श्रेयांकांचा (क्रेडिटचा) असतो आणि त्यातले बहुतेक वेळा ६० लघुप्रबंधाचे. म्हणजे पदवीचा तिसरा हिस्सा एकाच लेखनावर. युरोपात इतरत्र बरेच अभ्यासक्रम दोन वर्षांचे, १२० युरोपीय श्रेयांकांचे असतात (हे श्रेयांक वेगळ्या मापाचे). एका वर्षाच्या अभ्यासक्रमात पहिले काही आठवडे बावरण्यात जातात आणि लगेच लघुप्रबंधाचा विषय मागितला जातो. जो विषय घेऊन येतो तो तरतो. म्हणून विषयाबद्दल थोडं सविस्तर.

बहुतेकजण एकच विषय घेऊन येतात: ‘समाजमाध्यमांचा तरुणांवर होणारा परिणाम’. कोणती माध्यमं, कुठले तरुण, आणि ‘परिणाम’ म्हणजे काय? परिणाम सिद्ध करायचा तर आधीची आणि नंतरची स्थिती मोजावी लागते, बाकीची कारणं वेगळी काढावी लागतात. ते एका विद्यार्थ्याचं काम नाही. मॅकोम्ब्स आणि शॉ या माध्यम संशोधकांनी १९६८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी बातम्या आणि मतदारांच्या लेखी महत्त्वाचे प्रश्न यांचा मेळ तपासला, तेव्हा एकाच गावातले, अजून मत पक्कं न झालेले अवघे १०० मतदार घेतले. पुढे अर्धं शतक त्यावर काम चाललंय. प्रश्न जितका लहान धरला तितका तो घट्ट बसला.

माझ्याकडे एक विद्यार्थिनी असाच मोठा विषय घेऊन आली होती. तीन बैठकांनंतर तिचा विषय एवढ्यावर आला: एका संपाच्या चौदा दिवसांत दोन वृत्तपत्रांतल्या बातम्यांमध्ये पहिलं अवतरण कोणाचं आहे? तिने एक तक्ता केला. तारीख, पान, मथळा, शब्दसंख्या, पहिलं अवतरण कोणाचं, आणि त्या माणसाला ‘म्हणाले’ लावलंय, ‘आरोप केला’ लावलंय की ‘स्पष्ट केलं’ लावलंय. शेवटचा रकाना मी सुचवला होता, कारण डेस्कवर आम्ही ही क्रियापदं विचार न करता वापरायचो. अधिकारी स्पष्ट करतात, कामगार आरोप करतात.

मग तिने तेच काम दुसऱ्या विद्यार्थ्याकडून स्वतंत्रपणे करून घेतलं, दोघांची उत्तरं जुळतात का ते पाहायला. आशय विश्लेषणात, म्हणजे मजकुरातल्या गोष्टी ठरलेल्या रकान्यांत मोजण्याच्या पद्धतीत, हे करावंच लागतं. योगायोगाने जुळलेली उत्तरं वगळून किती जुळणी उरते याचा गुणांक काढतात. या क्षेत्रातले अभ्यासक क्रिपेनडॉर्फ यांच्या पद्धतीत ०.८०च्या वर असेल तर निष्कर्ष भरवशाचा धरतात, आणि ०.६६७ ते ०.८० असेल तर जपून बोलायचं. तिचा ‘अवतरण कोणाचं’ हा रकाना यातल्या खालच्या मर्यादेच्याही खाली घसरला. ती रडवेली होऊन आली. आम्ही दोघींनी न जुळलेल्या ओळी एकेक करून काढल्या तर बहुतेक ठिकाणी एकाच माणसावरून वाद होता. तो स्वतः गाडी चालवणारा होता आणि संघटनेचा पदाधिकारीही. तिने त्याला ‘कामगार’ म्हटलं होतं, दुसऱ्याने ‘संघटनेचा नेता’. आणि वृत्तपत्रांनी? एकाने त्याला चौदाही दिवस ‘नेता’ म्हटलं होतं, तो चालक आहे हे कुठेच आलं नव्हतं. तिच्या लघुप्रबंधातलं सर्वांत चांगलं प्रकरण त्या न जुळलेल्या ओळींतून उभं राहिलं.

साहित्य कुठून मिळणार याचाही विचार विषय ठरवतानाच करा. समाजमाध्यमांवरचा डेटा आयत्या वेळी हातातून निसटतो. ट्विटरने २०२३मध्ये मोफत डेटा देणं बंद केलं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या सार्वजनिक पोस्ट पाहण्यासाठी संशोधक वापरत असलेलं क्राउडटँगल मेटाने ऑगस्ट २०२४मध्ये बंद केलं. त्यावर विसंबलेल्यांना वर्षाच्या मध्यावर विषय बदलावा लागतो. छापील अंक, मुलाखती, स्वतः केलेलं निरीक्षण, ही साधी साधनं आजही जास्त भरवशाची.

डेस्कवरून येणाऱ्यांना काही गोष्टी सोप्या जातात. वेळेत लिहिणं, कापणं, मुलाखत घेणं. तीन गोष्टी मात्र मोडून नव्याने शिकाव्या लागतात आणि मला स्वतःला त्या जड गेल्या होत्या.

पहिली, सूत्रांची. बातमीत ‘तज्ज्ञांच्या मते’ चालतं. इथे कोणता तज्ज्ञ, कुठे, कोणत्या साली, कोणत्या पानावर, हे सगळं लागतं. पण यापेक्षाही अवघड म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा. बहुतेकजण त्याची यादी करतात: अमक्याने असं म्हटलं, तमक्याने तसं. आढावा म्हणजे ही माणसं एका खोलीत बसवून त्यांचं भांडण ऐकणं. संशोधक डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी १९५०मध्ये एका लहान अमेरिकी वृत्तपत्राच्या संपादकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या संपादकाने आठवडाभर वृत्तसंस्थांकडून तारेवर आलेली प्रत्येक नाकारलेली बातमी जपून ठेवली आणि प्रत्येकीवर नाकारण्याचं कारण लिहिलं. आलेल्या मजकुरापैकी जेमतेम एक दशांश छापला गेला होता. व्हाइट म्हणतात, निवड बरीचशी त्या माणसाच्या पसंतीची. १९६५मध्ये गाल्टुंग आणि रूगे हे दोन संशोधक म्हणतात, घटनेतलेच काही गुण तिला बातमी करतात, आणि असे बारा गुण मांडतात. समाजशास्त्रज्ञ गे टकमन १९७२मध्ये म्हणतात, वस्तुनिष्ठता हा वृत्तकक्षाचा बचावाचा विधी आहे, अवतरणचिन्हं घातली की पत्रकार सुटला. आता तुमचा बदललेला मथळा या तिन्ही अभ्यासांसमोर ठेवा. तुमच्या वरिष्ठांची आवड, संपाचं बातमीमूल्य, की टीकेपासून बचाव? तिन्हींपैकी कोणत्या अभ्यासाला काय दिसत नाही, हे लिहिलंत की आढावा झाला.

दुसरी, नावांची. पत्रकार म्हणून आपण बोलणाऱ्याने नावानिशी बोलावं म्हणून जिवाचं रान करतो. संशोधनात उलट, बहुधा नाव लपवायचं असतं. आधी माहितीपत्रक द्यायचं, लेखी संमती घ्यायची, कधीही माघार घेता येईल असं सांगायचं, आणि या सगळ्याला नीतिसमितीची मंजुरी मिळेपर्यंत एकही मुलाखत घ्यायची नाही. मंजुरीआधी घेतलेली मुलाखत कितीही चांगली असली तरी वापरता येत नाही. जुन्या बातमीदारांना हा कागदी सोपस्कार वाटतो. एकदा माझ्याच एका विद्यार्थ्याने एका कार्यालयातल्या शिपायाची मुलाखत घेतली, नाव लपवलं, पण हुद्दा आणि मजला लिहिला. त्या मजल्यावर शिपाई एकच होता. सादर करण्याच्या आदल्या दिवशी ते लक्षात आलं आणि आम्ही ते पान काढलं. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

तिसरी गोष्ट स्वतःच्या जागेची. तुम्ही ज्या वृत्तकक्षाचा अभ्यास करणार तिथे काम केलेलं आहे. हे लपवायचं नाही, पद्धतीच्या प्रकरणात मोकळेपणाने लिहायचं: मला काय आधीपासून माहीत होतं, कोणी माझ्याशी का बोललं, मला काय दिसत नसण्याची शक्यता आहे. बातमीत ‘मी’ काढून टाकायची आपली सवय इथे अडचणीची ठरते.

प्रवेशअर्जातलं निवेदन पाचशे-सातशे शब्दांचं असतं. ‘मला पहिल्यापासून माध्यमांची आवड आहे’ असं सुरू होणारी निवेदनं मी शेकड्यांनी वाचली आहेत आणि एकही लक्षात नाही. तुमचे दोन मथळे एकाखाली एक लिहा आणि पहिल्या ओळीपासून प्रश्नावर या. कोणाला दोष देऊ नका, वरिष्ठांचं नाव नको, संस्थेचंही नको. मग हा प्रश्न तुम्ही कोणत्या साहित्यावर तपासाल ते दोन परिच्छेदांत लिहा आणि हा विभागच का, ते एका परिच्छेदात.

एक काम मात्र राजीनामा देण्याआधी करा. त्या दिवसाचा छापील अंक आणि त्या संपाच्या काळातले इतर वृत्तपत्रांचे अंक मिळवून ठेवा. ते सार्वजनिक आहेत, कोणीही वापरू शकतं. तुमचा मूळ मथळा ज्या अंतर्गत मसुद्यात आहे तो संस्थेचा आहे. त्याचा फोटो काढून बाहेर नेऊ नका, लेखी परवानगी मिळाली तरच वापरा. परवानगी नाही मिळाली, तर त्या रात्री काय झालं ते तुमच्या आठवणीतून, आजच्या तारखेसह, वहीत लिहून काढा. किती वाजले होते, पान कुठवर आलं होतं, कोण काय बोललं, कोणते शब्द वापरले. संशोधनात अशा टिपणालाही स्थान आहे, फक्त ते आठवणीतून लिहिलंय हे त्यावर नोंदवलेलं असलं पाहिजे.